मुखेडचा बर्फ, लातूरची वाफ

एप्रिल लागला की माझा जीव जळायला लागतो. उन्हाने नव्हे. उन्हाचं काय कौतुक, सगळा जन्म मुखेडात काढलाय. आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या पोर्चमध्ये ओआरएसचं टेबल लागतं, माठाला ओलं फडकं गुंडाळलं जातं, चक्कर आलेली माणसं दोघंतिघं धरून आणतात, मी सलाईन लावते, आणि मध्येच, काही कारण नसताना, मला शेंगुळ्यांचा वास येतो. हुलग्याच्या पिठाचे, लसणाच्या फोडणीचे, दुसऱ्या बाईच्या हातचे शेंगुळे. झालं! मग तो अख्खा दिवस मी पेशंटच्या नातेवाइकांवर खेकसत असते.

वॉर्डातल्या मावशी विचारतात, "सिस्टर, आज कुणाचा राग कुणावर काढून राहिल्या?" आता काय सांगणार? लातूरच्या खोलीत राहणाऱ्या एका बाईवर राग आहे, असं म्हटलं तर त्या विचारतील, तिनं काय वाईट केलं तुमचं? आणि तिनं काय केलं, तर माझ्या पोरीला जेवू घातलं. पोटभर, मायेनं, ताजं ताजं. ह्याच्यावर कुणी रागावतं का? मी रागावते.

मागच्या वर्षी ह्या दिवसांत आमची ऋतुजा लातूरला होती. आमच्या भागात दहावीला चांगले मार्क पडले की लेकराची बॅग भरायची आणि लातूरच्या गाडीत बसवायचं, ह्यात कुणी कुणाला विचारत नाही. डॉक्टर व्हायचं म्हणून अकरावी-बारावी तिथंच. आधी होस्टेलवर राहायची, मेसमध्ये जेवायची. मेसवाल्याला तरी का बोल लावा, एवढ्या लेकरांचं रांधायचं म्हणजे भाजीत तेल आणि डाळीत पाणी आलंच. बारावीच्या दिवाळीला घरी आली तर गालफडं बसलेली. खालची पापणी ओढून बघितली, आत नुसतं पांढरं. मी नर्स. गावोगावच्या पोरींच्या पापण्या ओढून 'पालेभाजी खा गं, गूळ-शेंगदाणे खा गं' सांगत फिरणारी. आणि माझीच लेक फिक्की! त्या दिवशी मला जी लाज वाटली, ती आजही आठवली की कानशिलं तापतात.

नोकरी सोडून लातूरला खोली करून राहणं मला जमण्यासारखं नव्हतं. कितीतरी आया राहतात तशा. शेत नवऱ्यावर टाकून, म्हातारीला जावेवर सोपवून, गॅसची टाकी आणि दोन पातेली घेऊन पोरासाठी येऊन बसतात. तशाच एक छायाताई. किल्लारीच्या. त्यांची वैष्णवी आमच्या ऋतूच्या वर्गात. दोन खोल्या भाड्याने घेऊन मायलेकी राहत होत्या, घरमालकाचा जुना फ्रीज वापरायला होता. बाई ठेंगणी, बोलायला कमी, हाताला चपळ. मी भेटायला गेले तेव्हा चहा कधी ठेवला, कधी गाळला, मला कळलंच नाही.

"एका पोरीला काय अन् दोन पोरीला काय," त्या म्हणाल्या, "चूल तर पेटतीच हाय. राहू द्या की लेकराला माझ्यापाशी."

माझ्यापाशी! तो शब्द तेव्हाच मला टोचला. पण गरज मला होती. मी म्हटलं, "राहू दे. पण ताई, पोळी-भाकरी, भात तेवढा तुम्ही करा. भाज्या, आमट्या आठवड्याच्या आठवड्याला मी पाठवत जाईन."

"कशाला एवढा तरास घेताव, सिस्टर? गाडीत नासून जाईल की."

"नाही नासणार. मी गोठवून पाठवते."

त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. पण मला माझ्या पोरीच्या ताटात माझं काहीतरी पाहिजे होतं.

मग आमच्या घरात एक डीप फ्रीजर आला. बाजारपेठेतलं एक आइस्क्रीमचं दुकान बंद पडलं होतं, तिथला जुना, ह्यांनी टेम्पोत घालून आणला. आडवा, पांढरा, वर सरकतं झाकण, बाजूला कुल्फी खाणाऱ्या लेकराचं चित्र. ते चित्र काही केल्या खरवडून निघेना. गल्लीतली पोरं दारात येऊन विचारायची, "काकू, कुल्फी हाय का?" आणि मी झाकण उघडून दाखवायची, आत मटकीची उसळ. तोंडं वाकडी करून पळायची.

रुग्णालयात लसीकरण माझ्याकडे आहे. लसीचं एक असतं, कारखान्यातून निघाल्यापासून लेकराच्या दंडात जाईपर्यंत तिचा गारवा मोडता कामा नये. डब्यात चार बाजूंनी बर्फाचे पॅक, मध्ये लस, झाकण घट्ट. जुनी आधी वापरायची, नवी नंतर. इतकी वर्षं हे करून करून माझ्या हाडात मुरलंय. तीच शिस्त मी आमटीला लावली. शिजलेलं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवून आधी पूर्ण गार करायचं, वाफेसकट झाकण लावायचं नाही. डबा काठोकाठ भरायचा नाही, गोठताना अन्न फुगतं. वर चिकटपट्टी, पट्टीवर नाव आणि वार. येसर आमटी, भाजलेल्या धान्यांच्या पिठाची. मूग-पालक. शेवग्याच्या पाल्याची भाजी, तिळाचा कूट घालून. वांगी भाजून, सोलून, भरताला तयार. धपाटे अर्धवट भाजायचे, दोन धपाट्यांमध्ये कागद घालायचा, म्हणजे तिथं तव्यावर नुसते शेकले की झाले. बटाटा मात्र चालत नाही, गोठला की त्याचा भुसा होतो. कढी फाटते. हे सगळं मी नासवून नासवून शिकले, आणि नासलेलं ह्यांनी मुकाट खाल्लं.

रविवारी सकाळी आमचं घर म्हणजे लग्नघर व्हायचं. शेगड्या कमी पडायच्या म्हणून मागच्या अंगणात चूल पेटायची. ह्यांना शेंगा सोलायला बसवायचं. तेल कमी, तिखट बेताचं, लोह भरपूर. मी चव घेताना जिभेने कमी आणि डोक्याने जास्त घ्यायची. ह्यात पोरीचं रक्त वाढेल का, ह्याने तिला वर्गात झोप तर येणार नाही, एवढंच बघायची. आणि लाईट गेली की माझा जीव टांगणीला. कपाटातल्या सगळ्या गोधड्या काढून फ्रीजरवर घालायची. एकदा भर दुपारी, बाहेर धूळ उडत असताना, मी फ्रीजरला गोधड्या पांघरत होते आणि हे दारातून म्हणाले, "का गं, त्याला थंडी वाजून राहिली का?"

"तुम्ही गप बसा. झाकण उघडलं तर बघा."

"उघडत न्हाई बाई. ताप तेवढा बघ त्याचा."

आमची आई ह्याच दिवसांत गच्चीवर वाळवणं घालायची. कुरडया, सांडगे, ज्वारीचे पापड. ऊन वापरून वर्षाची बेगमी करायची बाई. मी बर्फ वापरून आठवड्याची करत होते, एवढाच फरक. पण तिचं सगळं गच्चीवर मांडलेलं असायचं, शेजारच्या बायका यायच्या, हात लावायच्या, चिमूटभर ओलं पीठ तोंडात टाकायच्या आणि नावाजायच्या. माझं झाकणाखाली. समोरच्या वहिनी एकदा डोकावल्या आणि सहज बोलून गेल्या, "पोरीला शिळं पाठवताव होय?" मी म्हटलं, शिळं नाही, गोठवलेलं. त्यात काही मरत नाही, काही वाढत नाही, जसं केलं तसंच राहतं. मी त्यांना जिवाणूंचं सगळं समजावून सांगितलं. त्या हाव हाव करत ऐकून गेल्या. पण शिळं हा शब्द घरात राहिला तो राहिलाच.

सोमवारी सकाळी स्टँडवर. लातूरच्या गाडीपाशी आयाबापांची ही गर्दी. कापडी पिशव्यांत स्टीलचे डबे, वर लेकराचं नाव, क्लासचं नाव. गाडी लागली की ड्रायव्हरच्या मागच्या जागेत डब्यांचा ढीग. कुणाची पिशवी वर, कुणाची खाली, ह्यावरून बायकांची जुंपायची. त्या सगळ्यांत माझं थर्माकोलचं खोकं, दोऱ्यांनी आवळलेलं. ड्रायव्हर म्हणायचा, "सिस्टर, लस चालली का लातूरला?" बायका हसायच्या. मला आवडायचं ते. मला वाटायचं, बघा, तुमचं दुपारपर्यंत आंबेल, माझं आठवडाभर टिकेल. गाडी निघाली की मी छायाताईंना फोन करायची, गाडीचा नंबर सांगायची. त्या लातूरच्या स्टँडवर जाऊन खोकं उतरवून घ्यायच्या. कधी चुकल्या नाहीत. नावं ठेवायला बाईने जागाच ठेवली नव्हती, हेच मोठं दुखणं होतं.

आणि मग डबे परत येणं.

आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत. साखरेची चिमूट का होईना, काहीतरी घालून द्यायचं. पहिल्या आठवड्यात एका डब्यात मूठभर फुटाणे आले. मला बरं वाटलं, म्हटलं, रीतीची बाई आहे. दुसऱ्या खेपेला कारळाची चटणी. मग शेंगदाण्याची, खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली. मी हट्टाला पेटले. तिनं एक भरला तर मी दोन जास्त पाठवायची. तिनं दोन भरले तर मी वर लाडू ठेवायची. तिकडून लाडवांच्या डब्यात धपाटे यायचे. मी भाज्यांचे डबे पाठवतेय की लढाई करतेय, तेच कळेना. शेवटी एका डब्यात शेंगुळे आले.

ह्यांनी झाकण उघडलं, तिथंच ओट्यापाशी उभ्याने खाल्ले. "मस्तच गं!" बोटं चाटत म्हणाले. "तुला का जमत न्हाईत असे?"

मी चार घास चाखले. खरंच मस्त होते. मऊ, पण बोटांचे ठसे तसेच राहिलेले, रस दाट, लसूण पुढं आणि हुलगा मागं. मी उरलेले समोरच्या वहिनींना देऊन टाकले आणि ह्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. मग एका दुपारी कुणी घरात नसताना स्वतः करून बघितले. माझे रबरासारखे झाले. ते कुणालाच दाखवले नाहीत.

संध्याकाळी ऋतूचा फोन यायचा. मी विचारायची, काय जेवलीस? "काकूंनी गरम गरम पिठलं केलं होतं." "काकूंनी गरम गरम भाकरी, लोणी." गरम गरम! जेवणाची चव सांगायला माणसाकडे दुसरा शब्द नाही का? मी मनातल्या मनात म्हणायची, अगं, मीही गरमच केलं होतं. चुलीवरून उतरवलं तेव्हा वाफ माझ्याच चष्म्यावर आली होती. पण गोठवलेल्या अन्नाला वास नसतो. सगळं असतं बघा त्यात, लोह, चोथा, जे काय आम्ही पोस्टरवर लिहितो ते सगळं. वास नसतो. पोरगी क्लासमधून थकून जिना चढून येणार, आणि दारातच तिला फोडणीचा वास येणार, तो छायाताईंच्या हातचा. भूक आधी नाकालाच लागते. मी मुखेडहून डबा पाठवू शकत होते, वाफ कशी पाठवणार?

परीक्षा जवळ आली तशी मी एक दिवस रजा टाकून लातूरला गेले. खोकं मांडीवर घेऊन बसले होते, मांडी बधिर झाली. जिना चढले, दार उघडंच होतं. आत पंख्याखाली सतरंजी, सगळीकडे पुस्तकं पसरलेली. छायाताई स्टुलावर, त्यांच्या गुडघ्यांत पाठ टेकून माझी ऋतू, आणि त्या तिच्या डोक्यात तेल जिरवत होत्या. पोरगी डोळे मिटून वनस्पतीच्या कुळांची नावं म्हणत होती. लातूरच्या त्या गरमीत तिच्या चेहऱ्यावर काय शांतपणा होता म्हणून सांगू! मला बघून ती उठली, तेलकट डोक्यानेच येऊन बिलगली. "आई! आई आली!" माझ्या साडीला तेल लागलं. मी हसले. पण घरी माझ्या हाताने डोकं चोळून घ्यायचं म्हटलं की ही पोरगी दहा कारणं सांगायची, हेही मला आठवलं.

जेवायला बसलो. छायाताई गॅसपाशी भाकरी थापत होत्या. ऋतूच्या ताटात पातीचा झुणका, ताजा. वैष्णवीच्या ताटात माझी येसर आमटी. मी ओळखणार नाही होय माझी आमटी? ऋतूच्या ताटात ती नव्हतीच.

"तू घेत नाहीस आमटी?"

"वैष्णवी खाते ना," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "तिला तुझंच आवडतं, आई. पहिल्यापासून. मी काकूंचं ताजं खाते. आमची अदलाबदली आहे."

पहिल्यापासून! म्हणजे एवढे रविवार, एवढ्या परातीत गार केलेली एवढी पातेली, गोधड्या, खोकं, आवळलेले दोर, सगळं दुसऱ्याच्या पोरीच्या पोटात. वैष्णवी आमटी भुरकत माझ्याकडे बघून हसली. बारीक चणीची, गोड पोरगी. मी छायाताईंकडे बघितलं. त्या भाकरी थापत होत्या, मान वर केली नाही. मला वाटलं, जिंकलेलं माणूस असंच करतं, मान खाली घालून आपलं काम करत राहतं.

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. घरी आल्यावर ह्यांच्यावर बरसले. "मी काय लोकांच्या पोरींची मेस चालवून राहिले का?"

"अगं, पण पोरगी तर चांगली दिसून राहिली ना? रक्त वाढलं ना?"

"वाढलं."

"मग झालं की."

काय झालं! ह्या पुरुषांना ताट भरलेलं दिसलं की पुरे, ते कुणी भरलं ह्याच्याशी घेणं नाही. त्या रविवारी मी चूल पेटवली नाही. सोमवारी स्टँडवर गेले नाही. फ्रीजर रिकामाच घुरघुरत होता. दोन दिवसांनी ओपीडी संपता संपता फोन आला. आवाज ऋतूचा नव्हता.

"मावशी, मी वैष्णवी. ह्या टायमाला आमटी नाही आली ती?"

"जमलं नाही गं."

"असं नका करू ना मावशी. मी तर तुमच्या डब्यावर जगून राहिले." आणि हळूच म्हणाली, "आईला नका सांगू मी फोन केला म्हणून."

मी खुर्चीवर नीट बसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हातचं मागत होतं. खोटं कशाला सांगू, मला त्यात माया कमी आणि दुसरंच काहीतरी जास्त वाटलं. मला वाटलं, ठीक आहे छायाताई, तुम्ही माझी घेतलीत ना, मग तुमची माझ्याकडे. पुढच्या रविवारी मी वैष्णवीसाठी रांधलं. तिला तिळकूट जास्त लागतो, तिला मूग-पालकात लसूण आवडतो, मी फोनवर विचारून विचारून करायची. ऋतूचं नाव चिकटपट्टीवर लिहायची आणि पोरगी दुसरीच डोळ्यांपुढं असायची. आता डबे परत यायचे त्यात काय आहे ह्याकडे माझं लक्षच नसायचं. डबा चाटूनपुसून रिकामा केला होता, हेच पुष्कळ होतं.

परीक्षा झाली. निकाल लागला. ऋतूचा नंबर लागला, नांदेडला मेडिकलला. वैष्णवीचा थोडक्यात हुकला. आमच्याकडे पेढे वाटायच्या आधी पहिला फोन छायाताईंचा आला, "आपली ऋतू डॉक्टर झाली बघा, सिस्टर!" आवाजात रडू होतं, पण आनंद खरा होता. आणि मी, पोरीचा नंबर लागलेली, घरात गुलाल उधळलेली, मी त्या 'आपली'पाशी अडकले. तिचीही झाली का ऋतू? इतकं होऊनसुद्धा माझ्या पोटात दुखलं.

तर आता हा एप्रिल. ऋतू नांदेडला होस्टेलवर. तिथं फ्रीज नाही, तिला डबे नकोत. सुट्टीला येते, जेवते, आणि हात धुता धुता म्हणते, "काकूंच्या हातचे शेंगुळे खायला पाहिजेत एकदा." मी भांडी आपटते. तिला वाटतं, आईचे हात दुखत असतील.

वैष्णवी पुन्हा तिथंच, त्याच खोलीत, दुसऱ्यांदा परीक्षेला बसतेय. छायाताई पुन्हा किल्लारी सोडून तिच्याबरोबर. मागच्या आठवड्यात पोरीचा फोन आला. "मावशी, परीक्षा जवळ आली. धाकधूक होऊन राहिली. तुमच्या आमटीशिवाय काही जात नाही बघा. पाठवाल का?"

पाठवीन का! मी दुसऱ्या दिवशी बाजारातून पालेभाज्यांच्या जुड्या आणल्या. येसर संपलं होतं, धान्यं भाजून नवीन दळून आणलं. रविवारी चूल पेटली. हे आपणहून शेंगा सोलायला बसले. फ्रीजर काठोकाठ भरला. मी गुणगुणत होते, हे ह्यांनी नंतर सांगितलं.

सोमवारी खोकं गाडीत चढवलं. चेहरे नवे होते, डबे तसेच होते. मी बाजूला उभी राहून छायाताईंना फोन लावला. "ताई, वैष्णवीसाठी डबा टाकलाय. गाडीचा नंबर लिहून घ्या."

त्यांनी नंबर काही विचारला नाही. 

"सिस्टर," मग त्या म्हणाल्या, "राग येऊ देऊ नका. डबा नका पाठवू."

"का हो? बरी आहे ना पोरगी?"

"बरी हाय. झालं काई न्हाई." मग सगळं एका दमात बोलून गेल्या. "मागल्या साली पोरगी राहिली माझ्यापाशी अन् जेवली तुमच्या हातचं. मी गरम भाकरी टाकून राहिले, अन् ती तुमच्या डब्यातला बर्फ कवा सुटतो म्हणून बसून राहिली. ऋतू खायची म्हणून निभलं माझं. लेकरू चाटूनपुसून खायचं. न्हाईतर मी कुणासाठी रांधत होते? घरदार सोडून हितं कशापायी बसले? लई जळले हो मी, सिस्टर. तुम्हाला दिसू दिलं न्हाई." नाक ओढल्याचा आवाज आला. "अवंदा एवढे दिस तिला माझ्या हातचं खाऊ द्या. मग लागू द्या नंबर, न्हाईतर न लागू द्या."

खोटं बोलत नाही. आधी मला आनंदच झाला.  जिच्यावर मी वर्षभर जळले, ती माझ्यावर जळत होती! माझ्या गोठवलेल्या, वास नसलेल्या, शिळ्या आमटीवर! तिथं स्टँडवर मला मोठ्याने हसावंसं वाटलं. आणि मग ती थापलेली भाकरी आठवली, वर न केलेली मान आठवली. आम्ही दोघी एका खोलीत बसून आपापल्या पोरीच्या ताटाकडे बघत होतो, आणि मी आपलं एकच ताट बघितलं.

गाडीला डबल बेल झाली होती. मी धावत जाऊन पत्र्यावर हात आपटला. "थांबा हो! माझं खोकं उतरवायचंय." ड्रायव्हर वैतागला, बायका बघायला लागल्या. कुणीतरी खोकं खाली दिलं. पाणी सुटायला लागलं होतं, साडी भिजली. तशीच रिक्षाने घरी आले, सगळं परत फ्रीजरमध्ये लावलं आणि ड्युटीवर गेले.

संध्याकाळी फोन वाजला. वैष्णवी.

"मावशी, डबा आला नाही? मी आईला विचारलं तर ती काही बोलेना."

एक वाक्य जिभेवर होतं. तुझ्याच आईने नको म्हटलं, बाई. एवढंच. खरंही होतं. एवढं म्हटलं असतं तर ती पोरगी कायमची माझी झाली असती, आणि आईशी परीक्षेपर्यंत बोलली नसती. मी ते वाक्य गिळलं. सोपं गेलं नाही.

"नाही पाठवला गं. ड्युट्या लागल्यात. आता परीक्षेपर्यंत जमायचं नाही."

"मावशी!"

"काय केलंय आईनं आज?"

"चुक्याची भाजी. अन् भाकरी." आवाज पडलेला. "माझं काही जात नाही."

मागे कुठंतरी तव्यावर भाकरी उलटल्याचा आवाज मला ऐकू आला. बाई ऐकत असणार, मला माहीत होतं. माझा जीव जळत होता, आणि मी मुद्दाम मोठ्याने बोलले, फोनच्या बाहेर ऐकू जाईल इतकं मोठ्याने.

"उठ, ताट घे आणि गरम आहे तोवर खा. तुझ्या आईच्या हाताला चव आहे ती माझ्या हाताला नाही, बाई. खोटं वाटत असेल तर माझ्या पोरीला विचार."